सायफाय गेमचा दुसरा भाग: नायिका तीच, पण नऊ वर्षांनी मोठी. व्यक्तिरेखा कशी पुढे न्यायची?

तारमांडव

पाच जणांची टीम आहे, कोथरूडमधून काम चालतं. पहिल्या गेमची गोष्ट थोडक्यात: मुक्ता, वय २४, जुन्नर तालुक्यातली. खोडदच्या रेडिओ दुर्बिणीवर बेतलेलं एक काल्पनिक अँटेना-केंद्र आहे, तिथे ती देखभाल तंत्रज्ञ. रात्रपाळीत १४२० मेगाहर्ट्‌झच्या आसपास एक सिग्नल येतो, तो कशातच बसत नाही. गेमभर ती डिशवर चढते, केबल बदलते, सिग्नलचा माग काढते. तिला उंचीची भीती आहे. चढताना श्वास वाढतो, हात थरथरतो आणि खेळाडूला बटण दाबून श्वास लयीत ठेवावा लागतो. प्रत्येक टप्प्यावर आधी सेफ्टी बेल्टचा हूक अडकवायचा, मग पाऊल टाकायचं. क्लायमॅक्सला ती वादळात वरपर्यंत जाते आणि भीती जिंकते. शेवट दोन: सिग्नलला उत्तर पाठवा, किंवा सगळ्या नोंदी पुसून टाका.

दुसरा भाग नऊ वर्षांनी. मुक्ता ३३ वर्षांची, शनीच्या टायटन या चंद्रावरच्या रिले स्टेशनची प्रमुख. गेम बनवायचं सॉफ्टवेअर (इंजिन) गोडो ४. एकूण संवाद ३०,००० शब्दांच्या घरात, त्यात मुक्ताचे अंदाजे १२,०००. मराठी आवाज, एकच अभिनेत्री, स्टुडिओ पाच दिवस, रोज चार तास.

अडचण अशी की मसुद्यावर खेळून बघणारे म्हणतात, ‘ही मुक्ता वाटत नाही.’ आम्ही तिला कणखर, कमी बोलणारी, कशालाच न घाबरणारी केली आहे. कौशल्यं पुन्हा शून्यापासून शिकवायची म्हणून सुरुवातीला अपघात आणि स्मृती जाणं असं धरलंय. दोन शेवटांपैकी कुठला खरा मानायचा हे ठरत नाही. शिवाय टीममधल्या एकाचं म्हणणं आहे की तिला एक मुलगी द्या, म्हणजे खेळाडू गुंततील.

कुठून सुरुवात करू?

---

कथासूत्र

आधी स्मृती जाण्याचा प्रकार काढून टाका. पहिला गेम खेळलेल्या माणसाला वादळातली ती रात्र आठवते आणि मुक्ताला आठवत नाही, म्हणजे पहिल्याच मिनिटाला तुम्ही दोघांना वेगळं केलंत. ‘ही मुक्ता वाटत नाही’ हे तिथूनच येतंय, तिच्या कणखरपणातून कमी.

कौशल्यं शून्यावर आणायला तिला दुखापत करायची गरज नसते. जागा बदलली की जुनं कौशल्य आपोआप निरुपयोगी होतं. तिला सगळं येतंच आहे असं ठेवा, फक्त जे येतं ते इथे चालत नाही.

आता ‘कणखर’ या शब्दाबद्दल. विशेषणाला बटण नसतं. अ‍ॅनिमेटरला ‘कणखर’ सांगितलंत तर तो खांदे मागे आणि हनुवटी वर करून देईल, लेखकाला सांगितलंत तर तो तुटक वाक्यं देईल. दोघांनी मिळून जी बाई बनेल ती कुठल्याही गेममध्ये चालेल, हाच घोटाळा. त्यापेक्षा कागदाचे दोन रकाने करा. डावीकडे पहिल्या भागात तिचे हात काय करत होते ते क्रियापदांत लिहा: हूक अडकवणं, चढणं, श्वास धरणं, कान देऊन ऐकणं, नोंदवहीत लिहिणं. उजवीकडे याच क्रियांचं नऊ वर्षांत काय झालं ते. एकही क्रिया गाळू नका. ‘बंद झाली’ असेल तर का बंद झाली तेही लिहा.

त्या यादीत सोनं आहे ते हुकात. खेळाडूच्या अंगठ्याने ते बटण शेकडो वेळा दाबलंय. आधी हूक, मग पाऊल. भीती क्लायमॅक्सला संपली, सवय नाही संपली. ती भीती पुन्हा उकरून काढू नका, नाहीतर पहिल्या गेममधला विजय फुकट गेला असं वाटेल. पण ‘सगळं दोनदा तपासलं की माणूस वाचतो’ हा जो विश्वास तिने त्या रात्री कमावला, तो आता तिचा दोष होऊ शकतो. ३३ व्या वर्षी ती भित्री नाही. प्रत्येक नटबोल्ट स्वतः तपासल्याशिवाय दुसऱ्याच्या कामावर सही न करणारी प्रमुख आहे. हाताखालच्या लोकांना हे किती जाचत असेल बघा. तुमचा संघर्ष तिथे आहे, आणि तो पहिल्या गेममधूनच उगवलेला आहे.

एक कंटाळवाणं पण हमखास उपयोगी काम सांगतो. पहिल्या भागातले मुक्ताचे सगळे संवाद छापा आणि चार रंगांनी खुणा करा: प्रश्न, हुकूम, थट्टा, टाळाटाळ. मोजा. समजा तेव्हा शंभरात चाळीस वाक्यं प्रश्न होती आणि नव्या मसुद्यात पाचच आहेत, तर लोक का बिचकले ते तुम्हाला आकड्यातच दिसेल. पाचावरून वीसवर या आणि प्रश्नांची जात बदला. चोविसाव्या वर्षी ती विचारायची, ‘हे काय आहे?’ तेहेतिसाव्या वर्षी विचारते, ‘हे कोणी तपासलं?’ ओठांवर प्रश्नचिन्ह तेच आणि बाई नऊ वर्षांनी मोठी. थट्टा मात्र बिलकूल कमी करू नका. वयाने माणसाची थट्टा कोरडी होते, आटत नाही.

व्यक्तिरेखेची बारा पानी कुंडली लिहिली असेल तर कपाटात ठेवा. भिंतीवर एकच पान लावा, सहा ओळींचं: तिला काय हवंय, कशावर तिचा चुकीचा विश्वास आहे, हाताची सवय, तोंडातला शब्द, कोणाशी ती खोटं बोलते, आणि कुठली गोष्ट ती काही झालं तरी करणार नाही. शेवटची ओळ गेम डिझायनरसाठी आहे. ती जे करणार नाही त्याचं बटण गेममध्ये असताच कामा नये.

मुलीबद्दल नंतर लिहितो, त्यावर माझं मत वाईट आहे.

---

चौदा_अँटेना

वरचं हुकाचं वाचून राहवलं नाही. टायटन तुम्ही नुसता देखावा म्हणून निवडलाय का? कारण तिथलं भौतिकशास्त्र तुमच्या नायिकेची जुनी भीती खरोखरच काढून घेतं.

टायटनचं गुरुत्व पृथ्वीच्या साधारण सातवा हिस्सा, १.३५ मीटर प्रतिसेकंद वर्ग. पृष्ठभागावर हवेचा दाब आपल्या दीडपट आणि थंडीमुळे घनता चौपटीहून जास्त. पृथ्वीवर हातपाय पसरून पडणारा माणूस ताशी २०० किलोमीटरच्या आसपास वेग गाठतो. हिशोब केलात तर टायटनवर तोच माणूस सेकंदाला आठ-दहा मीटरच्या पुढे जात नाही. म्हणजे टॉवर ५० मीटरचा असो की ५०० मीटरचा, खाली आपटणं इथल्या पहिल्या मजल्याच्या गॅलरीतून पडण्याइतकंच. तिचा सेफ्टी हूक तिथे जवळजवळ बिनकामाचा आहे. आणि तरी ती तो अडकवते! हे दृश्य कोणीतरी नवखा पोरगा बाजूने सरळ उडी मारून खाली जातोय अशा चौकटीत दाखवा.

‘जवळजवळ’ म्हणालो त्याचं कारण: वजनरहित प्रवासात कंबरेच्या आणि मांडीच्या हाडांची घनता महिन्याला एक ते दीड टक्का घटते, व्यायाम नीट नसेल तर. लांबच्या प्रवासानंतर पहिल्या मजल्यावरून पडणंही हाड मोडायला पुरतं. म्हणजे तिचा हूक हास्यास्पद आहे की शहाणपणाचा, हे खेळाडूला लगेच कळणार नाही. ते तसंच राहू द्या.

उडीचं गणित अ‍ॅनिमेटरला द्या. पृथ्वीवर जो अर्धा मीटर उडतो तो त्याच वेगाने जमीन सोडेल तर टायटनवर साडेतीन मीटर वर जाईल आणि साडेचार सेकंदांनी खाली येईल. इथे तीच उडी पाऊण सेकंदाच्या आत संपते. गेममध्ये साडेचार सेकंद हवेत, हातात काही नाही, म्हणजे खेळाडू कंट्रोलर आपटेल. एकतर जाड पोशाखाचं वजन धरून उडी दोन सेकंदांवर आणा, नाहीतर हवेत दिशा बदलायला बाहूंना कापडी पडदे द्या. हवा इतकी दाट आहे की ते पटण्यासारखं आहे.

पोशाखाची तुमची चित्रं फुगीर पांढऱ्या अंतराळवीराची असतील तर बदला. दाबाचा पोशाख तिथे लागतच नाही, बाहेर दाब भरपूर आहे. लागतो तो ऑक्सिजनचा मास्क आणि उणे १७९ अंशांपासून वाचवणारा तापता पोशाख. भोक पडलं तर फुगा फुटल्यासारखं काही होणार नाही, तिथून थंडी आत येत जाईल आणि आधी बोटं जातील. हाताने काम करणाऱ्या बाईसाठी यापेक्षा नेमका धोका शोधून सापडणार नाही. किती जीव उरलाय ते दाखवणाऱ्या ‘हेल्थ बार’ऐवजी बोटांची पकड कमी होत गेलेली दाखवा.

अजून एक. टायटनच्या जमिनीवरून आकाश दिसत नाही. नारिंगी धुकं आहे, तारे नाहीत, डोक्यावर शनी असूनही डोळ्यांना दिसत नाही. रेडिओ लहरी मात्र त्यातून आरपार जातात. जिने पहिला गेम आकाशाखाली काढला तिला तुम्ही आकाशच नसलेल्या जागी पाठवलंय. तिला आता फक्त ऐकता येतं. टीममध्ये हे कोणाच्या लक्षात आलं होतं का?

पृथ्वीशी बोलताना एका बाजूला ७० ते ९० मिनिटं जातात, ग्रह कुठे आहेत त्यावर. प्रश्न विचारून उत्तर यायला अडीच-तीन तास. ‘कोणी तपासलं?’ विचारणाऱ्या बाईला यातच कोंडा.

---

माईकमागे

आवाजाचा हिशोब आधी करा, कारण तोच तुमची व्यक्तिरेखा कापणार आहे.

मुक्ताचे १२,००० शब्द, सरासरी नऊ शब्दांचं वाक्य, म्हणजे तेराशेच्या वर ओळी. प्रत्येक ओळीचे दोन टेक धरून तासाला ७० ओळी हा चांगला वेग समजा. एकोणीस तास झाले. तुमच्याकडे वीस आहेत. एक शिंक आली की संपलं. ओळी हजारावर आणा. चौदा-साडेचौदा तासांत मुख्य काम, दीड तास धापा-किंकाळ्या-कण्हण्याचा, आणि उरलेला एक दिवस हातात ठेवा, तीन-चार आठवड्यांनी लागणाऱ्या दुरुस्त्यांसाठी. दुरुस्त्या लागतात म्हणजे लागतातच. पाचही दिवस सलग उडवू नका. धापा आणि ओरडणं नेहमी दिवसाच्या शेवटी, कारण त्यानंतर गळा बसतो. प्रत्येक कष्टाचा आवाज हलका, मध्यम, जोराचा असा तीन पातळ्यांत आणि प्रत्येकाचे चार-पाच नमुने, नाहीतर पंधरा मिनिटांत खेळाडूला तीच ‘आह’ पाठ होते. आवाज कोरडा रेकॉर्ड करा. हेल्मेट-रेडिओचा परिणाम इंजिनमध्ये द्या, ३०० ते ३४०० हर्ट्‌झच्या मधलं ठेवून बाकी कापलंत की फोनसारखा ऐकू येतो. रेकॉर्डिंगमध्येच तो टाकलात तर पुढे मास्क काढलेल्या प्रसंगाला तीच ओळ वापरता येत नाही.

आता भाषा. चोविसाव्या वर्षीची मुक्ता जुन्नरकडची, पण तिला सगळीकडे ‘न्हाई’, ‘आन्’, ‘कशापायी’ बोलायला लावलंत तर ती विनोदी पात्र होईल. बोलीच्या तीन-चार खुणा ठरवा आणि त्या कधी येतात याचा नियम करा. माझा नियम असा असेल: स्टेशनवर कामाचं बोलताना ती प्रमाण भाषा बोलते, रेडिओवर त्याहून कोरडी. दचकली की ‘आये!’ निघतं. नऊ वर्षं शिस्त लावलेल्या तोंडातून एवढा एक शब्द निसटला तरी श्रोत्याला नारायणगावचा बाजार दिसतो. गेमभर चार वेळा पुरे.

आकड्यांची एक युक्ती देतो. मराठी आकडे खरखरत्या रेडिओवर घातक असतात. ‘एकोणसाठ’ आणि ‘एकोणसत्तर’ यांतला शेवटचा अर्धा शब्द खाल्ला गेला की दहाचा फरक. पहिल्या गेममध्ये याची एखादी चूक घडलेली असेल तर फारच छान. नसेल तर मधल्या नऊ वर्षांत घडली असं एका ओळीत सांगा. आता ती आकडे सुटे बोलते, ‘पाच-नऊ’. दुसरा कोणी ‘एकोणसाठ’ म्हणाला की ती त्याला पुन्हा सुटं बोलायला लावते. हा तिचा तोंडातला शब्द. समारंभाने समजावून सांगू नका, खेळाडू स्वतः जोडेल.

आणि तू-तुम्ही. मराठीत नात्याचा काटा फुकट मिळालाय, त्यासाठी स्क्रीनवर हृदयं काढायची गरज नाही. हाताखालचा पोरगा तिला ‘मॅडम, तुम्ही’ म्हणतो, भांडणात ‘तुम्ही’च ठेवतो पण ‘मॅडम’ गाळतो, आणि तिने त्याच्या कामावर न तपासता सही केल्यावर पुढच्या प्रसंगात नकळत ‘ताई’ म्हणतो. पृथ्वीवरून आई बोलते तेव्हा ‘अगं’ने सुरुवात. ही संबोधनं वेगळ्या तक्त्यात ठेवा. कुठल्या प्रसंगानंतर कोण कोणाला काय म्हणतो हे दहा ओळींत मावतं. पण तक्ता नसेल तर तीन लेखकांच्या हातून हमखास गोंधळ होतो.

स्टेशनचा संगणक बोलणार आहे का? मग आधीच ठरवा: तो की ती. इंग्रजीत हा प्रश्न येत नाही, मराठीत ‘मी बघतो’ आणि ‘मी बघते’ यांतून सुटका नाही. म्हणजे सुटका आहे, पण कसरतीची. ‘मी दार बंद केलं’, ‘मी दार बंद करीन’, ‘मला दाब वाढलेला दिसतोय’ या वाक्यांत बोलणाऱ्याचं लिंग कळत नाही. ‘मी बघतो-बघते’, ‘मी बघतोय-बघतेय’ आणि ‘मी गेलो-गेले’ अशी रूपं टाळलीत तर पूर्ण गेम संगणक लिंगाविना बोलू शकतो. मग शेवटच्या तासात एकदाच तो म्हणतो, ‘मी थांबते.’ मुक्ताने काहीही बोलायची गरज नाही, तिने फक्त वळून बघायचं.

---

कथासूत्र

ते ‘मी थांबते’ मी चोरणार आहे.

दोन शेवटांचा प्रश्न राहिला होता. २०१० च्या ‘मास इफेक्ट २’ने पहिल्या भागाची सेव्ह फाइल (खेळ कुठवर आला, काय निवडलं याची साठवलेली नोंद) वाचून खेळाडूचे निर्णय पुढे आणले. प्लेस्टेशन ३ वर तेव्हा पहिला भागच नव्हता, म्हणून तिथे सुरुवातीला एक चित्रकथा दाखवून महत्त्वाचे निर्णय विचारून घेतले. पाच जणांच्या टीमने दुसरी वाट धरावी. सेव्ह फाइल सापडली तर वाचा, पण तिच्यावर विसंबू नका. मधल्या काळात लोकांचे संगणक बदललेले असतात. गेम सुरू होतो तेव्हा प्रवासानंतरची वैद्यकीय तपासणी चालू आहे असं दाखवा. डॉक्टर प्रतिक्षिप्त क्रिया बघता बघता तीन गोष्टी विचारतात, त्यात ‘त्या रात्री तुम्ही उत्तर पाठवलंत ना?’ हा एक. नव्वद सेकंदांत आटपा. मुक्ता खोटंही बोलू शकते असा पर्याय ठेवलात तर वहीत खरं काय लिहिलंय ते नंतर कळेल, पण तो मोह आवरला तरी चालेल.

दोन्ही शेवट खरे माना. दोन्हींतून ती टायटनवरच पोहोचते. उत्तर पाठवलं असेल तर ती उत्तराची वाट बघायला आली आहे. नोंदी पुसल्या असतील तर तोच सिग्नल पुन्हा कोणाला सापडू नये म्हणून. काम एक, कारण वेगळं. असं केलंत तर वेगळे लिहावे लागणारे संवाद सातआठ टक्क्यांत बसतात. एक पथ्य पाळा: प्रत्येक जुन्या निर्णयाचा परिणाम किमान तीन ठिकाणी दिसला पाहिजे. पहिल्या दहा मिनिटांत एकदा, मध्ये एकदा, शेवटी एकदा. दोनच ठिकाणी दिसला तर लोकांना तो निर्णय शोभेचा वाटतो. आणि असे निर्णय तीनच घ्या. सहा घेतलेत तर तपासायच्या जोड्या चौसष्ट होतात, पाच जणांत ते होणार नाही.

मुलगी. नको. मूल वाईट म्हणून नाही, तर मूल आलं की खेळाडूला मुक्ताची काळजी वाटायची थांबते आणि मुलीची वाटायला लागते. तुम्हाला व्यक्तिरेखा खोल करायची होती, तुम्ही तिला पहारेकरी केलंत.

---

पक्कड

मुलीबद्दल असहमत. ३३ वर्षांच्या बाईला मूल असणं ही जगातली सर्वांत साधी गोष्ट आहे, प्रत्येक वेळी ती युक्तीच असते असं नाही. फक्त मुलगी स्टेशनवर नको आणि संकटात तर मुळीच नको. पृथ्वीवर आजीकडे असू द्या. सत्तर-ऐंशी मिनिटं उशिरा पोचणारे निरोप, त्यात शाळेतलं काहीतरी फालतू. मुक्ता उत्तर रेकॉर्ड करते, पुसते, पुन्हा करते. खेळाडूला तो निरोप तीन वेळा नव्याने बोलायचा पर्याय द्या. तपासायची सवय कुठपर्यंत पोचली आहे ते कळेल.

---

कथासूत्र

हे मात्र मान्य. या रूपात चालेल.

---

उलटी_मात्रा

कथेत पडत नाही, पण तिचे शब्द स्क्रीनवर मोडके दिसले तर वरचं सगळं वाया.

गोडो ४ मध्ये जोडाक्षरं नीट जुळतात, गोडो ३ मध्ये जुळत नव्हती. मात्र टेक्स्ट सर्व्हर (गोडोचा अक्षरं जुळवणारा भाग) ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ आहे का ते बघा, ‘फॉलबॅक’ निवडला तर ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला पडते. तुमच्या पहिल्या गेमप्रमाणे अक्षर-अक्षर उमटणारा मजकूर ठेवणार असाल तर लेबलच्या (स्क्रीनवर मजकूर दाखवणाऱ्या घटकाच्या) दृश्य अक्षरांची पद्धत ‘आकार दिल्यानंतर’ या पर्यायावर ठेवा. तसं नसेल तर ‘क्ष’ उमटताना आधी ‘क’, मग ‘क्’, मग ‘क्ष’ असा नाचतो. चाचणीसाठी हे वाक्य वापरा: ‘दुसऱ्या तऱ्हेच्या वाऱ्याने शिडी हलली.’ ‘ऱ्य’ आणि ‘ऱ्ह’ फॉन्टमध्ये नसतील तर इथेच कळेल. लेबलला मराठीचा भाषाकोड द्या, म्हणजे नोटो सान्स देवनागरीसारख्या फॉन्टमध्ये ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाचे येतात, हिंदी वळणाचे नाही.

भाषांतराची सीएसव्ही फाइल (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेला तक्ता) गोडोला यूटीएफ-८ या अक्षरसंकेतात हवी, फाइलच्या सुरुवातीला येणाऱ्या बीओएम या अदृश्य खुणेशिवाय. एक्सेलला नेमकी ती खूण लागते, नाहीतर मराठीच्या जागी कचरा दिसतो. दोघांच्या भांडणात पडू नका, लिब्रेऑफिसमध्ये उघडा आणि तिथूनच सेव्ह करा. कोडमधल्या चलांची (व्हेरिएबल्सची) आणि ओळींच्या कळांची (ओळ ओळखायच्या की-ची) नावं रोमन लिपीत ठेवा.

---

तारमांडव

खूपच मिळालं. स्मृती जाणं काढलं. मुलगी पृथ्वीवर, निरोपांपुरती. आकाश दिसत नाही हे आमच्या खरंच लक्षात आलं नव्हतं, आमच्या पोस्टरवर तर शनीची कडी झळकतायत.

शेवटचं विचारतो. पहिल्या दहा मिनिटांत खेळाडूला हातात काय द्यायचं? वैद्यकीय तपासणीनंतर लगेच सिग्नल आणायचा का?

---

कथासूत्र

सिग्नल नको, अजून तासभर नको. तिला एक फालतू दुरुस्ती द्या. वीस मीटरच्या मास्टवर (अँटेनाच्या उंच खांबावर) केबलचा जोड सैल झालाय, हाताखालच्या पोराने कालच घट्ट करून ‘झालं’ अशी नोंद केली आहे. खेळाडू मास्टशी येतो आणि पहिल्या गेमचंच बटण, त्याच जागी, तेच चित्र. हूक. पाऊल. हूक. पाऊल. चढायला दीड मिनिट लागू द्या. बाजूने पोरगा उड्या मारत मारत तिच्या आधी वर पोचलेला दिसू द्या. वर गेल्यावर संवाद एवढाच:

‘मॅडम, मी बघितलं होतं.’

‘पाना दे.’

‘घट्टच आहे ते.’

‘थांब. ... हां. किती दाखवतोय?’

‘एकोणसाठ.’

‘सुटं बोल.’

‘...पाच-नऊ.’

जोड खरंच घट्ट असतो. पोराचं बरोबर होतं. ती काही बोलत नाही, पाना परत देते आणि हूक काढत काढत खाली उतरते. उतरताना प्रत्येक हूक काढायचं बटण खेळाडूलाच दाबायला लावा. एखाद्या खेळाडूच्या लक्षात येईल की न दाबता सरळ उडी मारता येते. मारली तर ती मारते. खाली पोचल्यावर बेल्ट चाचपते आणि पोराकडे बघत नाही. हे दोन्ही रस्ते नोंदवून ठेवा, तासाभराने ‘ताई’ की ‘मॅडम’ ते यावरून ठरेल.

---

चौदा_अँटेना

मास्ट वीस मीटरचा असेल तर उडीनंतर जमिनीला लागायला साधारण सहा सेकंद धरा, हवेच्या अडथळ्यासकट. आणि २८ फेब्रुवारीच्या सुमारास खोडदला विज्ञान मेळावा भरतो, तेव्हा जाऊन या. ४५ मीटर व्यासाच्या तारेच्या जाळीतून वारा जातानाचा आवाज तुमच्या दोन्ही गेममध्ये लागेल. फोनवर रेकॉर्ड करायचं मनात आणू नका, तिथे मोबाइल बंद ठेवावा लागतो, रेडिओ गोंगाट होतो म्हणून. कुठलंही यंत्र चालू करण्याआधी तिथल्या लोकांना विचारा.